कमलटेकडी

आमच्या इमारतीत कुणाच्या नावावर दोन फ्लॅट होते, कुणाच्या नावावर गावाकडे जमीन होती, आणि म्हात्रे मावशींच्या नावावर तर अख्खा तळमजला होता. पण मंगळावर स्वतःची टेकडी असलेली बाई अख्ख्या नेरुळमध्ये एकच, आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या कमलकाकू. ती टेकडी त्यांना नवऱ्याने लग्नाच्या वाढदिवसाला दिली होती. नवरा म्हणजे आमचे वाघमारे सर. सर जाऊन आता वर्ष होत आलं, पण रस्त्यात खड्डा दिसला की मला अजून आधी तेच आठवतात. त्यांना हे कळलं असतं तर आवडलं असतं की नाही, सांगता येत नाही.

सर मला शाळेत भूगोलाला होते. पुढे लग्न होऊन मी त्यांच्याच इमारतीत, नेमकी त्यांच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये आले. भूगोलाने मला शाळेत रडवलं होतं, आता तो जिन्यात रोज भेटायला लागला. उंचीने बेताचे, अंगाने काटक, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खिशात पेनाशेजारी एक छोटी बॅटरी. ही बॅटरी अंधारासाठी नव्हती. अंधारात सर खुशाल भिंतीला धरून चालायचे. बॅटरी भूगोलासाठी होती.

तिचा प्रताप मी शाळेतच पाहिला होता. एकदा सरांनी वर्गाच्या खिडक्या बंद करायला लावल्या, घरून आणलेली ज्वारीची भाकरी टेबलावर ठेवली आणि बाजूने तिच्यावर बॅटरीचा झोत टाकला. भाकरीवरचा एकेक फोड टेकडीसारखा वर आला, मागे लांब सावली पडली. सर म्हणाले, आता वरून बघा. वरून बघा म्हणजे बाकांवर चढा. सगळा वर्ग बाकांवर उभा, मध्ये टेबलावर एक भाकरी, तिच्याभोवती अंधार, आणि नेमके त्याच वेळी मुख्याध्यापक दारात. त्यांनी विचारलं, हे काय चाललंय. सर जराही न गडबडता म्हणाले, सर, खालून नाही कळायचं, तुम्हीही वर या. आणि मुख्याध्यापक खरंच चढले हो. बराच वेळ भाकरीकडे बघून म्हणाले, "करपलीय." सर म्हणाले, तो ज्वालामुखीचा भाग आहे.

बॅटरीसोबत सरांचा एक ठरलेला प्रश्न असायचा: उजेड कुठून येतोय? त्यांचं म्हणणं असं, की आपल्या डोळ्यांना उजेड वरून यायची सवय असते. त्यामुळे आकाशातून काढलेल्या फोटोत उजेड खालच्या बाजूने आला असेल, तर डोळा फसतो. खड्डा असतो तिथे टेकडी दिसते आणि टेकडी असते तिथे खड्डा. म्हणून फोटो हातात आला की आधी उजेड शोधायचा, मग तोंड उघडायचं. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तर भूगोलात नापास झालात तरी मी तुम्हाला पास समजेन, असं ते सांगायचे. मला ते वाक्य पक्कं पाठ होतं आणि तरीही त्यांनी मला खुशाल नापास केलं होतं.

हा प्रश्न ते भूगोलापुरता ठेवतील तर शपथ. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून दोघे हातघाईवर आले की सर मागच्या खुर्चीवरून विचारायचे, उजेड कुठून येतोय? आमच्या नव्या संसारात एकदा रात्री जेवणावरून जुंपली. आवाज खाली गेला असणार. सर वर आले, दारात उभे राहिले आणि गंभीरपणे तेच विचारलं. माझा नवरा बिचारा सरांचा विद्यार्थी नव्हता. तो म्हणाला, ट्यूबलाइटमधून, सर. त्यावर सर "विचार करा" म्हणून निघून गेले. आम्ही दोघं इतकं हसलो की भांडण कशावरून होतं तेच विसरलो.

बाहेरच्या लोकांना मात्र याचा त्रास व्हायचा. एकदा पावसाळ्यात मी आणि सर एका रिक्षातून स्टेशनकडून येत होतो. समोर रस्त्यावर एक गोल काळपट आकार दिसला. ड्रायव्हर त्याला वळसा घालायला लागला, तर सर म्हणाले, घाबरू नका, मागच्या गाडीच्या दिव्यामुळे तसं दिसतंय, तो खड्डा नाही, उंचवटा आहे. ड्रायव्हरने विश्वासाने रिक्षा सरळ घातली. तो खड्डाच होता, आणि चांगला पोटभर होता. आमची डोकी टपाला लागली. सर डोकं चोळत म्हणाले की मागून दुसरी गाडी आल्यामुळे उजेड बदलला. ड्रायव्हर म्हणाला, "काका, खड्डा काय नि टेकडी काय, आमच्या कंबरेला दोन्ही सारखंच." सरांना हे उत्तर अशास्त्रीय वाटलं, पण त्यांनी त्याला भाड्यावर पाच रुपये जास्त दिले.

रिटायर झाल्यावर मुलाने त्यांना टॅब घेऊन दिला. सरांनी पहिलं काम केलं ते आकाशातून आपलं गाव शोधायचं. मूळचे ते मराठवाड्यातले, बालाघाटाच्या डोंगरांकडचे. गाव सापडलं, शाळा सापडली, मग मुंबई, मग हिमालय, मग अख्खी पृथ्वी बघून झाली. पृथ्वीला त्यांचं मन रमेना. म्हणाले, जिकडे बघावं तिकडे कुणीतरी राहतंय, जमिनीचा आकारच दिसत नाही. मग त्यांना मंगळ सापडला. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांनी काढलेले फोटो सगळ्यांना फुकट बघायला मिळतात, हे मला सरांमुळे कळलं. झाडं नाहीत, टॉवर नाहीत, नुसते डोंगर, पठारं, वाऱ्याने झिजलेले कडे, कधीकाळी पाण्याने कोरलेल्या घळी. सर सकाळी चहा घेऊन मंगळावर जायचे ते जेवायलाच परत यायचे. काकू कुकरची शिट्टी झाली की हाक मारायच्या, "उतरा आता."

तिथल्या डोंगरांना लांबलचक नंबर होते. सरांना ते पटेना. नावाशिवाय डोंगर म्हणजे हजेरीपटावर नुसता रोल नंबर, असं म्हणून त्यांनी आमच्या इमारतीतल्या लोकांची नावं द्यायला सुरुवात केली. आमचे सेक्रेटरी भोईर यांना त्यांनी एक पठार दिलं. वरचा थर कडक, खालचा भुसभुशीत, त्यामुळे कडा ढासळत असतात पण माथा सपाट राहतो, असं त्याचं वर्णन सरांनी भोईरांना तोंडावर वाचून दाखवलं. भोईरांनी त्यातलं "माथा" तेवढं ऐकलं आणि पेढे वाटले. तिसऱ्या मजल्यावरच्या साळुंख्यांना एक घळ मिळाली. झालं, साळुंख्यांनी सर्वसाधारण सभेत "ऐनवेळचे विषय" मध्ये तो मुद्दा काढला. भोईरांना पठार आणि मेंटेनन्स वेळेवर भरणाऱ्या माणसाला घळ, हा कुठला न्याय? सरांनी त्यांना समजावलं की घळ पाण्याने पडते, म्हणजे स्वभावात ओलावा आहे. साळुंखे खूश झाले. पुढच्या महिन्यात तेच सांगत आले की भोईरांच्या पठाराची कड ढासळून त्यांच्या घळीत येतेय, नोटीस काढा.

म्हात्रे मावशींनी मात्र सरळ नकार दिला. त्या नेरुळमधल्याच सारसोळे गावच्या सून, पण माहेर डोंगराच्या पायथ्याचं. तो डोंगर खडी फोडून फोडून कधीच संपला. सरांना म्हणाल्या, "मना नको. माझे म्हायेरचा डोंगर खडीला गेला, आता नवीन घेऊन काय करू?" त्या दिवशी सरांनी आणखी कुणालाच डोंगर दिला नाही.

आता कमलकाकूंच्या टेकडीकडे येते. काकू ब्लाउज शिवायच्या. आमच्या सेक्टरातल्या निम्म्या बायकांची मापं त्यांच्या डोक्यात होती आणि उरलेल्या निम्म्यांची भांडणंही. बोलायला तिखट, मनाने मऊ. लग्न झाल्या झाल्या सरांनी त्यांना महाबळेश्वरला नेतो असं कबूल केलं होतं. पहिल्या वर्षी जनगणनेचं काम लागलं. मग निवडणुकीचं. मग दहावीचे पेपर. मग मुलगा झाला, मग मुलाचीच दहावी आली. काकू माप घेताना टेप लावत लावत हे सगळं गिऱ्हाइकाला ऐकवायच्या आणि शेवटी म्हणायच्या, भूगोलाच्या मास्तरशी लग्न केलं आणि उभ्या जन्मात एक डोंगर चढले नाही.

सरांच्या ते जिव्हारी लागायचं. म्हणून लग्नाच्या एका वाढदिवसाला त्यांनी मंगळावरची सगळ्यात देखणी टेकडी काकूंना द्यायची ठरवली. वाढदिवस उद्यावर आला होता. सपाट मैदानात एकटीच उभी असलेली एक गोल, घाटदार टेकडी त्यांना सापडली, चहूबाजूंनी बारीक ओघळ उतरलेले. त्यांनी घाईघाईने मोठा प्रिंट काढला, स्टेशनजवळच्या दुकानात फ्रेम करायला टाकला. दुकानदाराने विचारलं, वरची बाजू कुठली? सर म्हणाले, मंगळाला वर-खाली नसतं, दोन्हीकडे कड्या लाव. फोटोवर लिहिलं तर फोटो बिघडेल, म्हणून नावाची पट्टी वेगळी केली आणि फ्रेमच्या खाली भिंतीवर चिकटवली: कमलटेकडी.

काकूंनी आधी फ्रेम निरखून पाहिली. विचारलं, चढायला वाट कुठून आहे? मग विचारलं, महाबळेश्वरचं काय झालं? पण दुसऱ्या दिवशी बघते तर फ्रेम हॉलमध्ये, बायका माप द्यायला उभ्या राहतात त्याच्या बरोब्बर समोर. पुढची कित्येक वर्षं नेरुळमधली एकही बाई ती टेकडी बघितल्याशिवाय ब्लाउज घेऊन गेली नाही. "ही माझी," एवढंच काकू म्हणायच्या, तोंडात टाचण्या धरून. आणि खरं सांगते, त्या दोन शब्दांत जो थाट होता तो भोईरांच्या अख्ख्या पठारात नव्हता.

पुढे सरांच्या घराला रंग काढला. भिंतींना काकूंनी मुद्दाम मंगळासारखा तांबूस रंग निवडला, त्याला जुळणारे पडदे स्वतः शिवले, आणि रविवारी महिला मंडळाच्या बायकांना चहाला बोलावलं. घर दाखवायचं हे निमित्त, टेकडीला नवी भिंत मिळाली ते दाखवायचं होतं. पेंटरने शेवटच्या दिवशी सामान जागेवर लावलं आणि फ्रेम उलटी टांगली. त्याचा काय दोष, कड्या दोन्हीकडे.

सरांनी पाहिलं तर मैदानाच्या मध्ये टेकडीऐवजी मोठा खड्डा. त्यांना हसू आलं. पेंटरला त्यांनी स्टुलावर बसवलं आणि पाठ सुरू केला. उजेड कुठून येतोय? पेंटर म्हणाला, खिडकीतून. सर म्हणाले, तसं नाही, थांब, तुला दाखवतो. टॅबवर त्यांनी तो मूळ फोटो उघडला आणि फोटो काढताना सूर्य कुठल्या बाजूला होता ते शोधलं. फोटोच्या माहितीत ते लिहिलेलं असतं. ते वाचलं आणि पाठ अर्धाच राहिला. पेंटर थोडा वेळ बसला, मग त्याने डबे आवरले आणि गेला. फ्रेम सरांनी पूर्वीसारखी टांगली.

संध्याकाळी ते माझ्याकडे आले. चहा ठेवला तर नको म्हणाले. म्हणाले, "लेकरा, ती टेकडी नाही. तो खड्डा आहे." मला वाटलं महापालिकेच्या रस्त्याचं काहीतरी आहे. मग त्यांनी सगळं सांगितलं. सूर्य फोटोच्या खालच्या बाजूला होता. पेंटरने जी उलटी लावली तीच खरी सुलटी. ज्या माणसाने तीस वर्षं पोरांना उजेड शोधायला लावला, त्याने स्वतःच्या बायकोच्या वेळी उजेड बघितलाच नाही. घाईत होतो, असं दोनदा म्हणाले.

मी म्हटलं, सर, सोडा ना. मंगळावर कोण जाऊन बघतंय? फ्रेम आहे तशी राहू दे, काकू खूश, बायका खूश. पण मला माहीत होतं हे चालायचं नाही. शाळेत एकदा त्यांनी फळ्यावर एका नदीचा उगम चुकीचा लिहिला होता. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर उभे राहून, शिपायांनाही बोलावून, त्यांनी "एक दुरुस्ती आहे" म्हणून योग्य उगम सांगितला होता. त्या वर्गात नसलेल्या मुलांना तर आधीचा उगमही माहीत नव्हता. असा माणूस. पण त्या दिवशी माझ्यासमोर बसलेल्या सरांना उगमाची नाही, काकूंची काळजी होती. म्हणाले, "सगळ्या आयुष्यात तिला एकच गोष्ट दिली गं. तीही खड्डा निघाली." मला फार वाईट वाटलं. मी पुन्हा तेच म्हटलं, सांगू नका. ते उठून गेले.

रविवारी मीही चहाला होते. तांबूस भिंत, तांबूस पडदे, बायकांनी हॉल भरलेला. म्हात्रे मावशी सोफ्यावर मधोमध. काकूंनी नवी साडी नेसली होती आणि गळ्यात सवयीने टेप तसाच होता. फ्रेमचं कौतुक चाललं होतं. सर स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा. चहा फिरला, आणि सर मध्ये येऊन उभे राहिले.

"एक दुरुस्ती आहे," ते म्हणाले.

त्यांनी फ्रेम काढली, उलटी केली आणि परत टांगली. सगळ्यांच्या देखत टेकडी आत गेली आणि तिथे खड्डा पडला. एक-दोघी बायका चक्क मागे सरकल्या. सरांनी उजेडाचं सगळं समजावून सांगितलं, वर्गात सांगायचे तसं, न अडखळता. फक्त शेवटी आवाज उतरला. म्हणाले, कमल, ही टेकडी नव्हती. चूक माझी आहे. मागून कुणीतरी फिसकन हसलं. मला त्या बाईला पदर धरून बाहेर काढावंसं वाटलं.

काकू उठल्या, फ्रेमजवळ गेल्या, आणि कापड बघतात तसं जवळून बघितलं. मग बोट ठेवून विचारलं, "ह्ये काठावरून आत उतरल्यात त्या रेघा कशाच्या?"

सर म्हणाले, ओघळ आहेत. फार फार पूर्वी तिथे पाणी वाहत होतं, असं म्हणतात.

"म्हंजी पानी उतरून आत साचत आसंल."

"साचत असेल. शक्य आहे."

"मग तळं म्हना की. खड्डा काय म्हनताय." काकू वळल्या. गावाकडची बोली त्यांच्या तोंडात फक्त राग आला की किंवा भरून आलं की यायची. "डोंगर घिऊन मी काय करनार व्हते? माझ्या माहेराला चारी बाजूंनी डोंगरच व्हता. हंडाभर पान्यासाठी सकाळ-संध्याकाळ त्योच चढले, त्योच उतरले. म्या डोंगर चढले नाय म्हनत व्हते ना, तुमच्यासंगं चढले नाय म्हनत व्हते. तळं मातर मला आजपस्तोर कुनी दिलं नव्हतं."

म्हात्रे मावशींनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "बरोबर हाय. कमल डोंगराव कुटं फुलतंय गो? पान्यानच फुलतंय ना." मग कोळ्यांच्या शेजारात उभा जन्म गेलेला असल्यामुळे त्यांनी लगेच पुढची चौकशी केली, की तळ्यात मासळी सोडली तर जगेल का. सरांनी डोळे पुसले आणि तिथल्या थंडीत कुठलीच मासळी जगणार नाही, हे त्यांना सविस्तर समजावलं. मावशींना ते पटलं नाही.

भिंतीवरची पट्टी दुसऱ्या दिवशी बदलली. आता तिच्यावर कमलतळं होतं. साळुंख्यांनी ताबडतोब अर्ज दिला की त्यांच्या घळीतलं पाणी त्या तळ्यात जातं का, याची पाहणी व्हावी.

मग आमची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. सगळ्यांनी जागा सोडायच्या होत्या. सर आणि काकू नावड्याला मुलाकडे निघाले. मी माझी खोकी बांधता बांधता गॅलरीतून खाली बघत होते. टेम्पो लागलेला, काकू आधीच पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेल्या, मांडीवर शिलाई मशीनचं झाकण. हमाल जिन्यातून एकेक वस्तू आणत होता. सर टेम्पोच्या मागे उभे, पांढरा शर्ट, खिशात बॅटरी. मी हाक मारणार होते, पण सामानाच्या गडबडीत त्यांना वर बघायला लावावं असं वाटलं नाही. नावड्याला गेल्यावर भेटू, असं मनात म्हटलं. पुढे ते राहूनच गेलं.

हमाल ती फ्रेम घेऊन बाहेर आला. एका हाताने बगलेत मारलेली, तिरपी. सर लगबगीने पुढे झाले.

"अरे, आडवी धर, आडवी," ते म्हणाले. "पाणी सांडेल."

हमालाने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा फ्रेमकडे. मग काही न विचारता त्याने ती दोन्ही हातांवर सपाट घेतली आणि पाय जपून टाकत टेम्पोपर्यंत नेली.